बर्फाचा हिशोब उन्हाळ्यात होतो

"हवामान तर पहिल्यापासूनच बदलत आलंय. हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुठे होते कारखाने आणि गाड्या?" पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हा मजकूर आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न चुकता येतो. खाली अंगठे आणि हात जोडलेले. पाठवणारे अडाणी नसतात. बीएड झालेले, काही एमएस्सी झालेलेही असतात. आणि गंमत अशी की त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. हवामान बदलत आलंय, खरं आहे. हिमयुगं आली-गेली, तेही खरं. तेव्हा कारखाने नव्हते, हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. तरी मला हा मजकूर खोट्यापेक्षा वाईट वाटतो, कारण 'का?' हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच तो दार लावून घेतो. हिमयुगं का आली आणि का गेली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या मजकुरातून दिलासा मिळूच शकत नाही. आज तेच जरा सविस्तर लिहिते.

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवते. पण लहान गावातल्या शाळेत शिक्षकाचं एका विषयावर भागत नाही, त्यामुळे अधूनमधून भूगोलाचे तासही माझ्या वाट्याला येतात. हिमनदीचा धडा म्हणजे शब्दांची माळ असते: हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, लोंबती दरी, मेषशिला, हिमोढ. मुलं ती पाठ करतात, आकृती काढतात, दोन मार्क घेतात. हिमोढ म्हणजे काय ते लिहितात; पण डोंगरावर पडलेला बर्फ वितळून का गेला नाही, असं एकही मूल विचारत नाही. कारण धड्यात तो प्रश्नच नाही. सगळी गोष्ट तिथून सुरू होते आणि आपण शेवटापासून शिकवतो.

दोन भाषा शिकवण्याचा एक फायदा असतो. उर्दूत हिमनदीला बर्फानी तोदा म्हणतात. तोदा म्हणजे ढीग. मराठीत म्हणतात हिमनदी. एका भाषेला ती गोष्ट साचलेली दिसली, दुसरीला वाहती. मला दोन्ही शब्द अर्धे-अर्धे बरोबर वाटतात, कारण आधी तोदा व्हावा लागतो आणि मगच नदी होते.

तोदा कसा होतो ते पाहू. आकाशातून पडणारं हिम कापसासारखं असतं. पिंजलेल्या कापसात जशी हवाच जास्त, तशी त्यातही. ताज्या, कोरड्या हिमाचा घनमीटर भरला तर वजन पन्नास ते शंभर किलोच्या घरात भरतं. तेवढ्याच पाण्याचं हजार किलो. आता या हिमावर पुढच्या वर्षीचं हिम पडलं, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचं. खालच्या थरावर ओझं वाढतं. सहा पाकळ्यांचे नाजूक कण मोडतात, गोल होतात, एकमेकांना चिकटतात, मधली हवा बाहेर ढकलली जाते. निदान एक उन्हाळा काढून शिल्लक राहिलेल्या या दाणेदार हिमाला शास्त्रज्ञ 'फिर्न' म्हणतात. शब्द आल्प्समधल्या जर्मन बोलीतला, आणि त्याचा मूळ अर्थ 'गेल्या वर्षीचं'. (आमच्या ईदच्या फिरनीशी त्याचा संबंध नाही, पण वर्गात सांगितलं की मुलांना तो शब्द जन्मभर लक्षात राहतो.) मला हा शब्द फार आवडतो. सगळी हिमनदी त्या एका शब्दात आहे. गेल्या वर्षीचं काही शिल्लक उरलं, तरच पुढची गोष्ट.

फिर्न आणखी दाबलं गेलं की उरलेली हवा बारीक बुडबुड्यांमध्ये कोंडली जाते आणि टणक निळसर बर्फ तयार होतो. घनमीटरला नऊशे किलोच्या आसपास. आल्प्ससारख्या, उन्हाळ्यात थोडं वितळून पुन्हा गोठणाऱ्या डोंगरात याला काही वर्षं ते काही दशकं लागतात. अंटार्क्टिकाच्या कोरड्या थंडीत शेकडो, कधी हजारो वर्षं. ते कोंडलेले बुडबुडे ध्यानात ठेवा, पुढे साक्षीला लागणार आहेत.

आणि मग तोद्याची नदी होते. बर्फाची जाडी तीस-चाळीस मीटरच्या पलीकडे गेली की तळाचा बर्फ स्वतःच्या वजनाखाली घट्ट लापशीसारखा सरकू लागतो. जिथे तळाशी पाण्याचा पातळ थर असतो तिथे अख्खी हिमनदी खडकावरून घसरतेही. दिवसाला साधारणपणे काही सेंटीमीटर, कधी एखादा मीटर. स्वित्झर्लंडमधल्या उंटरआर हिमनदीवर ह्यूगी नावाच्या अभ्यासकाने १८२७ मध्ये एक झोपडी बांधली होती. बारा वर्षांनी ती पाहिली तेव्हा एक किलोमीटरहून जास्त खाली सरकली होती. झोपडी कुणी हलवली नव्हती.

आता 'हिमयुग' ही कल्पना माणसाला सुचली कशी, ते. याचं श्रेय बहुतेक पुस्तकं लुई अगासीला देतात. त्याने १८३७ मध्ये स्वित्झर्लंडच्या नशातेल गावात विद्वानांसमोर भाषण करून सांगितलं की कधीकाळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता. भाषण ऐकून लोक चिडले. पण अगासीच्या बावीस वर्षं आधी, १८१५ मध्ये, बान्य खोऱ्यातल्या झ्याँ-पिएर पेरोदाँ नावाच्या एका शिकाऱ्याने हेच सांगितलं होतं. तो डोंगरबकऱ्यांची शिकार करायचा, सुतारकाम करायचा. त्याने पाहिलं की खाली दरीत, हिमनदीपासून कितीतरी दूर, घराएवढे धोंडे पडलेत आणि ते त्या जागेच्या दगडाचे नाहीत. खडकांवर लांब, सरळ ओरखडे आहेत, अगदी आजच्या हिमनदीच्या काठावर असतात तसेच. त्याने निष्कर्ष काढला की हिमनदी पूर्वी इथवर होती. मिठाच्या खाणींचे संचालक शार्पांतिए यांना त्याने हे सांगितलं; त्यांना तेव्हा ते अशक्य वाटलं. व्हेनेत्झ नावाच्या इंजिनिअरने ऐकून घेतलं, त्याने शार्पांतिएला पटवलं, शार्पांतिएने अगासीला. अगासी तर मुळात ही कल्पना खोडून काढायला डोंगरात गेला होता. (हाच अगासी पुढे अमेरिकेत जाऊन माणसांच्या वंशांत उच्च-नीच शिकवत बसला. दगड बरोबर वाचणारा माणूस माणसं चुकीची वाचू शकतो.)

दगड वाचण्याची ही कला जुनी आहे. अल-बिरुनी अकराव्या शतकात हिंदुस्तानात आला तेव्हा त्याने लिहून ठेवलंय की डोंगराजवळ, जिथे नदीला जोर असतो, तिथे गोटे मोठे. जसजसं दूर जावं तसे बारीक. आणि शेवटी नुसती वाळू. यावरून त्याने ओळखलं की हे मैदान कधीकाळी समुद्र असावं आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने भरलं असावं. पाणी चाळणीसारखं निवडत जातं, हे त्याने पाहिलं होतं. बर्फ निवडत नाही. त्याच्या पोटात घराएवढा धोंडा आणि पिठासारखी माती एकत्र असतात, आणि वितळताना तो सगळं एकाच ढिगात टाकून जातो. असा न निवडलेला ढीग, ओरखडलेले गोटे आणि खाली गुळगुळीत घासलेला खडक, हे तिन्ही एकत्र सापडलं की इथे बर्फ होता असं म्हणायचं. हे तीन पुरावेही ध्यानात ठेवा.

आता मुख्य प्रश्न: एवढा बर्फ साचला का?

कुणालाही विचारा, उत्तर येतं, "हिवाळे फार कडक झाले असतील." मलाही शाळेत असंच सांगितलं होतं. पण सायबेरियाचा हिवाळा आजही भयंकर कडक आहे आणि तिथल्या विस्तीर्ण सपाट प्रदेशावर हिमनदी नाही. हिवाळा कितीही थंड असो, पुढच्या उन्हाळ्याने सगळं हिम वितळवून नेलं तर शिल्लक शून्य. हिवाळा फक्त जमा करतो. हिशोब उन्हाळ्यात होतो. उन्हाळा थोडा नरम निघाला, पावसाच्या चार थेंबांएवढं हिम शिल्लक राहिलं, आणि असं हजारो वर्षं होत गेलं, तर किलोमीटर-किलोमीटर जाडीचा बर्फ उभा राहतो. शिवाय पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, त्यामुळे आसपास आणखी गार होतं, आणखी बर्फ टिकतो.

हे शोधणाऱ्यांपैकी जेम्स क्रॉल हा स्कॉटिश माणूस माझा लाडका आहे. शाळा तेराव्या वर्षी सुटली. गिरण्यांची यंत्रं दुरुस्त केली, चहाचं दुकान चालवलं, विम्याची एजंटगिरी केली. १८५९ मध्ये ग्लासगोच्या अँडरसोनियन कॉलेजात त्याला शिपायाची नोकरी मिळाली, पगार थोडा, पण ग्रंथालय हाताशी. तिथे त्याने गणित आणि खगोलशास्त्र वाचलं आणि १८६४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला की पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे हिमयुगं येतात. १८७६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. बर्फ स्वतःच थंडी वाढवतो हे त्याने बरोबर ओळखलं होतं. मात्र त्याचा भर थंड हिवाळ्यांवर होता. आमच्या शिक्षकांच्या खोलीत शिपाई दादा पुस्तक उघडून बसलेले दिसले की मला क्रॉल आठवतो.

हिवाळ्याऐवजी उन्हाळा पाहायला हवा, हे मिलुतिन मिलांकोविच या सर्बियन गणितज्ञाने पक्कं केलं. हवामानशास्त्रज्ञ क्योपेनचा सल्ला त्याच्या पाठीशी होता. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो नुकतंच लग्न करून ऑस्ट्रिया-हंगेरीत आला होता. शत्रूदेशाचा म्हणून त्याला पकडलं. नंतर बुडापेस्टला नजरकैदेत ठेवून ग्रंथालय वापरू दिलं. तो गणितं करत राहिला. संगणक नव्हता, लाखो वर्षांतलं, वेगवेगळ्या अक्षांशांवरचं उन्हाळ्यातलं ऊन त्याने हाताने मोजलं. त्याचा मोठा ग्रंथ १९४१ च्या एप्रिलमध्ये छापून होत होता, तेव्हाच बेलग्रेडवर बॉम्ब पडले आणि छापखाना गेला. छापलेले बहुतेक कागद सुदैवाने वाचले.

त्याने मोजलेल्या गोष्टी तीन. एक, पृथ्वीची कक्षा कधी जास्त लांबट, कधी जवळजवळ गोल होते. मोठं आवर्तन सुमारे एक लाख वर्षांचं. दोन, पृथ्वीच्या आसाचा कल साधारण २२.१ ते २४.५ अंशांमध्ये झुलतो, एका फेरीला सुमारे ४१,००० वर्षं. आज तो साडेतेवीसच्या किंचित खाली आहे आणि कमी होत चाललाय. कल कमी म्हणजे उत्तरेचे उन्हाळे नरम.

तिसरी गोष्ट मुलांना समजत नाही, मोठ्यांनाही नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कधी असते? जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५ कोटी २० लाखांवर. म्हणजे उत्तर गोलार्धाला ऐन उन्हाळ्यात सूर्य लांबचा मिळतो. पण ही तारीख कायमची नाही. ती हळूहळू ऋतूंमधून फिरते. इथे मी उर्दू शाळेतल्या मुलांना रमजान आठवायला सांगते. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी थोडा आधी येतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून परत येतो. दादीजानने जूनमधले रोजे धरलेले असतात, डिसेंबरमधलेही. रोजा तोच, पण जूनचा रोजा वेगळा आणि डिसेंबरचा वेगळा. सूर्याजवळ असण्याचा तो दिवसही असाच ऋतूंमधून फिरतो, फक्त त्याच्या एका फेरीला सुमारे एकवीस हजार वर्षं लागतात. अकरा हजार वर्षांपूर्वी तो उत्तरेच्या उन्हाळ्यात होता. तेव्हा उन्हाळे कडक होते, उत्तरेचा बर्फ मागे हटत होता आणि पुढच्या काही हजार वर्षांत आपला मान्सूनही आजच्यापेक्षा जोरात होता. सहारात तळी होती. मुलांना हे एका झटक्यात कळतं. ज्यांच्या घरी रमजान नसतो त्यांना मी अधिक महिन्यावरून समजावते, पण त्यात इतकी मजा येत नाही.

मिलांकोविच १९५८ मध्ये गेला, तोवर बऱ्याच जणांनी त्याचा सिद्धांत बाजूला टाकला होता. १९७६ मध्ये हेज, इंब्री आणि शॅकलटन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून काढलेल्या गाळाच्या नळ्या तपासल्या. त्या गाळातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांमध्ये साडेचार लाख वर्षांचा हिशोब होता, आणि त्यात नेमकी हीच आवर्तनं सापडली.

इथे मेसेजवाले टाळ्या वाजवतील. "बघा, सगळं आकाशातून ठरतं!" थांबा. कक्षेतले हे बदल उन्हाची वाटणी बदलतात, कुठल्या ऋतूत आणि कुठल्या अक्षांशावर किती ऊन पडेल ते. पृथ्वीला वर्षभरात मिळणाऱ्या एकूण उन्हात त्यामुळे फारच थोडा फरक पडतो. मग सगळी पृथ्वी, विषुववृत्तासकट, थंड का झाली? शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, जगाचं सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी कमी होतं आणि समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. आज जिथे मासेमारीच्या होड्या जातात तिथे कोरडी जमीन होती.

उत्तर त्या कोंडलेल्या बुडबुड्यांत आहे. अंटार्क्टिकात बर्फ पोखरून आठ लाख वर्षांची हवा बाहेर काढली गेलीय. हिमयुगाच्या कडाक्यात हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे १८०. मधल्या उबदार काळात सुमारे २८०. आठ लाख वर्षं याच दोन आकड्यांच्या आसपास ये-जा. कक्षा सुरुवात करून देते, थंड समुद्र हा वायू जास्त शोषून घेतात, हवेतलं पांघरूण पातळ होतं, थंडी जगभर पसरते. उलट जाताना हेच उलट होतं. म्हणजे हिमयुगं हीच साक्ष देतात की या वायूत थोडा फरक पडला तर पृथ्वी किती हलते.

आज तो आकडा ४२० च्या वर आहे. शेवटचं हिमयुग संपताना हवेत सुमारे ८० भागांची वाढ झाली, तिला सहा-सात हजार वर्षं लागली. आपण १४० भाग वाढवले, त्यातले शंभराहून अधिक १९५८ नंतर. त्या वर्षी हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ च्या घरात होता. आणि ही वाढ आपली की निसर्गाची, याचीही ओळख पटते. जिवंत झाडांच्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो संपून गेलेला असतो. हवेत बिन-चौदाचा कार्बन वाढतोय.

कक्षा तर आज उलट्या बाजूला ओढते आहे. सूर्य उन्हाळ्यात लांब आहे, कल कमी होतोय. तिच्यावर सोडलं असतं तर उत्तरेचे उन्हाळे हळूहळू नरम होत गेले असते. म्हणून, "हिमयुगं आली-गेली" हे म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही म्हणायला हवं, की ज्या कारणांनी ती आली-गेली, त्या कारणांत आजची गरमी बसत नाही.

शास्त्रज्ञ चुकले नाहीत का? चुकले. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं वाक्य संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात शिरलं होतं. ते निराधार होतं. २०१० मध्ये समितीने तसं जाहीर केलं. काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या इतर हिमालयाच्या मानाने टिकून राहिल्या हेही खरं. पण चुकीचं वाक्य मागे घेणं आणि बर्फ परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केदारनाथच्या वरचा चोराबारी ताल २०१३ च्या जूनमध्ये फुटला, तेव्हा महाराष्ट्रातले कितीतरी यात्रेकरू तिथे अडकले होते. सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फुटला आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. दोन्ही तलाव मागे हटणाऱ्या हिमनद्यांच्या पायथ्याशी, हिमोढांच्या आडोशाने साचलेले. हिमोढ हा शब्द दोन मार्कांचा नाही तो असा.

"पण टीचर, आपल्या नद्या तर पावसाच्या. आपला बर्फाशी काय संबंध?" हा प्रश्न मात्र मुलं विचारतात, आणि योग्य विचारतात. गोदावरी, वर्धा, पैनगंगा, कुणाच्याही उगमाशी बर्फ नाही. उत्तर देण्यासाठी मी त्यांना आमच्या शेजारच्या जिल्ह्यात नेते, निदान फळ्यावर.

'हिमयुग' हा शब्द दोन मापांनी वापरतात. वर सांगितलेली लाख वर्षांची भरती-ओहोटी हे लहान माप. पण पृथ्वीवर काही कोटी वर्षं टिकलेली मोठी हिमयुगंही होऊन गेली, आणि त्यांची कारणं आणखी खोल: खंड ध्रुवाजवळ सरकले का, हवेतला कार्बन कुठे पुरला गेला. असं एक मोठं हिमयुग सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी होतं. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाला चिकटलेला होता. ओडिशातल्या तालचेरला १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना न निवडलेल्या धोंड्यांचा थर सापडला आणि त्यांनी म्हटलं, हे बर्फाचं काम. तापलेल्या ओडिशात बर्फ! विलायतेतल्या लोकांना पटेना. मग १८७५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी आणखी एक जागा सांगितली. चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या काठी, इरई गावापाशी. तिथे धोंड्यांच्या त्याच थराखाली चुनखडीचा खडक गुळगुळीत घासलेला आहे आणि त्यावर सरळ, समांतर ओरखडे आहेत. पेरोदाँने आल्प्समध्ये पाहिले होते तसेच. तिन्ही पुरावे एका जागी.

चंद्रपूर! मे महिन्यात ४६-४७ अंश, देशाच्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत ज्याचं नाव हमखास असतं, ते चंद्रपूर. तिथे हिमनदी होती, आणि तिने आपली सही दगडावर ठेवलीय. आल्फ्रेड वेगेनरने खंड सरकतात हे जगाला सांगायला सुरुवात केली, तेव्हा भारत-आफ्रिका-ऑस्ट्रेलियातल्या या जुन्या बर्फाच्या खुणा हा त्याचा मोठा पुरावा होता. त्या जुन्या महाखंडाला सगळं जग गोंडवाना म्हणतं, आणि तो शब्द गोंडांच्या मुलखाचा आहे. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. एवढं सगळं असून आमच्या भागातल्या मुलाला हिमनदीचं उदाहरण विचारलं तर तो आल्प्स लिहितो. पाठ्यपुस्तकाला मी एवढाच दोष देईन, पण तो मोठा आहे.

यापुढचा भाग शिकवताना माझा आवाज जरा खाली येतो. त्या धोंड्यांच्या थराच्या वर काय आहे? कोळसा. बर्फ हटला, हवा मऊ झाली, दलदलीत ग्लॉसोप्टेरिससारख्या झाडांची जंगलं माजली, ती गाडली गेली, आणि त्यांचा वर्धा खोऱ्यातला कोळसा झाला: चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी. त्या काळात झाडांनी हवेतला कार्बन ओढून जमिनीत पुरला, आणि त्या मोठ्या हिमयुगाचं ते एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. म्हणजे हवेतून कमी झालेला कार्बन आमच्या पायाखाली आहे. तो आम्ही वर काढतो आणि चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीजकेंद्रात जाळतो. मी ज्या दिव्याखाली हे लिहिते आहे त्यात त्याचा वाटा असणार.

माझ्या वर्गात खाणकामगारांची मुलं आहेत, कोळशाच्या ट्रकवाल्यांची आहेत. एका मुलाने विचारलं, "मग टीचर, अब्बांचं काम वाईट आहे का?" मी म्हटलं, नाही. तुझ्या अब्बांच्या कामामुळे आपला पंखा फिरतो. खाण बंद झाली तर या घरांनी काय खायचं, त्यांना दुसरं काय काम द्यायचं, ते देणार कोण आणि किती वर्षांत, यावर शिक्षकांच्या ग्रुपवर भांडण झालं तर मला आनंद होईल. मतभेद असतील, असू देत. चीन-अमेरिकेने जास्त जाळलं आणि आम्ही का सोसायचं, हा प्रश्नही रास्त आहे. पण "हिमयुगं आली-गेली" हे या भांडणातलं उत्तर नव्हे. ते भांडणातून पळ काढणं आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातल्या दगडाची साक्ष न ऐकता.

पुढचं हिमयुग कधी, हेही मुलं विचारतात. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये केलेल्या गणितानुसार, माणसाने काही केलं नसतं तरी निदान पन्नास हजार वर्षं आलं नसतं. आपण मध्यम बेताने जाळत राहिलो तर लाखभर वर्षं पुढे ढकललं जाईल. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "म्हणजे चांगलंच केलं की!" वर्ग हसला. मी त्याला उन्हाळी सुट्टीचा गृहपाठ दिला: मेच्या पहिल्या आठवड्यापासून रोज दुपारी दोन वाजता घरातलं तापमान लिहायचं, पत्र्याखालचं आणि झाडाखालचं वेगवेगळं.

यंदा शाळेची सहल इरईला न्यावी असा अर्ज मी केला आहे. डिसेंबरात, सकाळच्या वेळी, जाऊन-येऊन एका दिवसात होईल. कारणाच्या रकान्यात 'हिमनदीच्या खुणा पाहणे' असं लिहिलं होतं. अर्ज परत आला. ठिकाणापुढे चंद्रपूर जिल्हा लिहिलंय, ते तपासून पुन्हा सादर करावे, असा शेरा मारून.